रिपोर्ट नंबर ५१७७

आधीच सांगून टाकते. भूत, बाधा, संकेत, साक्षात्कार यांतलं मी काहीही मानत नाही. "पूर्वी मानत नव्हते, पण त्या दिवसापासून..." असं माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. मी आजही मानत नाही. हे वाचून खाली कुणी "ताई, तुमच्या पाठीशी नक्की कुणीतरी उभं होतं" असं लिहिणार असेल तर मी वाद घालणार आहे, आणि रविवार असल्यामुळे मला वेळही भरपूर आहे. तरी लिहितेय, कारण जे घडलं ते घडलं. उत्तर सापडत नाही म्हणून गोष्टच दाबून ठेवायची, हे मला भित्रेपणाचं वाटतं.

मी सुजाता. सोलापूरची, साखर पेठेतली. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी. वडील चादरीच्या कारखान्यात होते, मी कॉम्प्युटरला लागले. सोळा वर्षं झाली, लोकांचे सर्व्हर सांभाळते. दोन शाळा, एक टॉवेलवाले, आणि ज्यांच्याकडे हे झालं ती रक्त तपासणारी लॅब.

सात रस्त्याकडून होटगी रोडला लागलं की थोडं पुढे डाव्या हाताला तीन मजली इमारत आहे. लॅबचं नाव लिहीत नाही. खाली काउंटर आणि बसायचे बाक, पहिल्या मजल्यावर तपासणीची मशिनं, आणि त्याच मजल्यावर जिन्याशेजारच्या छोट्या खोलीत माझा सर्व्हर. रक्त दिलं की पेशंटच्या मोबाइलवर एक लिंक जाते. रिपोर्ट तयार झाला की तो त्या लिंकवर दिसतो. माढा, बार्शी, अक्कलकोट, सगळीकडून नमुने येतात. सकाळी रक्त घेतलेलं असतं, आणि अकरा ते एकच्या दरम्यान रिपोर्ट निघायला लागतात. त्या दोन तासांत अख्खा जिल्हा आमच्या सर्व्हरवर बसलेला असतो. लोक दर मिनिटाला लिंक दाबून बघतात. त्यात चूक काय... घरातल्या माणसाच्या रिपोर्टची वाट बघताना मीही तेच करीन.

गेल्या उन्हाळ्यातला तो सोमवार. साडेअकराला लॅबचे मॅनेजर बसवराज यांचा फोन आला.

"मॅडम, काय उघडना झालंय बघा. नुसतं चक्र फिरतंय, मग टाइमआउट म्हणून येतंय. खाली लोक लई बोलायलेत."

मी पोचेपर्यंत बारा पंचवीस झाले होते आणि सगळं आपोआप सुरळीत झालं होतं. गर्दी झाली असेल म्हणून मी सोडून दिलं. मंगळवारी अकरा दहाला पुन्हा तेच. या वेळी मी तिथेच होते. सर्व्हर बंद करून चालू केला. पाच मिनिटं बरी गेली, पुन्हा ठप्प. आणि बारा पंचवीसला परत मोकळा.

आता नेमकं काय होत होतं ते सोप्या शब्दांत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या सर्व्हरला दीडशे खिडक्या आहेत असं समजा. एक माणूस येतो, रिपोर्ट मागतो, घेतो, जातो. हे सगळं एका सेकंदाच्या आत होतं, म्हणून दीडशे खिडक्यांत हजारो लोक निघून जातात. पण प्रत्येक खिडकीला एकेक जण चिकटून उभा राहिला आणि हलेचना, तर मागच्यांना टाइमआउटच येणार. मंगळवारी मी यादी काढली, तर दीडशेच्या दीडशे खिडक्यांवर एकच मागणी उभी होती.

रिपोर्ट नंबर ५१७७.

बुधवारी मी सकाळीच जाऊन बसले. पहिली गोष्ट, हा नंबर कुणाचा ते बघितलं. कुणाचाच नव्हता. आमच्याकडे नंबर ओळीने दिले जातात आणि काउंटर तेव्हा चार हजार नऊशेच्या घरात होतं. म्हणजे ५१७७ नंबरचा पेशंट अजून लॅबमध्ये आलेलाच नव्हता. आता, नसलेला नंबर मागितला तर सर्व्हर लगेच "सापडला नाही" म्हणून मोकळा होतो. मी ५१७६ मागून बघितला, लगेच उत्तर आलं. ५१७८ मागितला, लगेच. ५१७७ मागितला की सर्व्हर थांबून राहायचा. नमुना घेतलाय, तपासणी चालू आहे, रिपोर्ट यायचा आहे, अशा वेळी जसा थांबतो तसा.

दुसरी गोष्ट, मागतंय कोण? प्रत्येक मागणीसोबत ती कुठून आली तो पत्ता नोंदलेला असतो. तो पत्ता खुद्द सर्व्हरचाच होता. सर्व्हर स्वतःच स्वतःकडे मागत होता.

"असं होतंय व्हय?" बसवराजांनी विचारलं.

"होतं. आत कुणीतरी एखादा प्रोग्राम लावून ठेवला की होतं. शोधते."

शोधला. वेळ लावून ठेवलेली सगळी कामं एकेक करून तपासली. व्हायरस तपासला. पुण्यात माझा जुना सहकारी आहे, त्याला तिथूनच सर्व्हरमध्ये शिरायला दिलं, त्याने दोन तास घालवले. असा प्रोग्राम कुठे नव्हताच. अकरा दहाला खिडक्या भरायला लागल्या तशी मी सर्व्हरची नेटवर्कची वायर उपटून हातात धरली. बाहेरच्या जगाशी संबंध संपला. मोबाइलवरून मागणाऱ्यांचा आकडा शून्यावर आला. आणि ५१७७ च्या दीडशे मागण्या तशाच उभ्या. मी त्या सगळ्या मारून टाकल्या. माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा एक, दोन, दहा, चाळीस करत दीडशे झाल्या.

बसवराज माझ्या मागे उभे होते. भला माणूस, कधी आवाज चढवणार नाही. ते हळूच म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. एक नारळ फोडू का हितं?"

"फोडा, पण जिन्यात. पाणी उडून माझा यूपीएस गेला तर नवीन कोण देणार?"

ते गेले, आणि मी सांगते, मला भीती वाटत नव्हती. संताप येत होता. मी उभा केलेला सर्व्हर, मी लिहिलेले नियम, आणि तो माझं ऐकत नाही म्हणजे काय...

संध्याकाळी डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. लॅब त्यांचीच. त्यांनी सरळ विषयाला हात घातला.

"सुजाता, तीन दिवस झाले. बार्शीचं सेंटर आपल्याला सोडायला निघालंय. बाहेरचा भाड्याचा सर्व्हर घे आणि उद्या सकाळी सगळं तिकडे हलव."

"सर, दोष चालू असताना पकडला नाही तर तो सामानाबरोबर तिकडेही येईल. मला उद्याचा दिवस द्या."

"आणि उद्याही लोकांना टाइमआउट?"

"उद्या काउंटरवर सांगू, ऑनलाइन दिसणार नाही, ज्यांना घाई आहे त्यांनी थांबा, कागदावर छापून देतो."

"ठीक आहे. उद्याचा दिवस तुझा. नाही जमलं तर परवापासून मी दुसरं कुणीतरी बघतो."

बाहेर आले तर बसवराज माझा कागद हातात घेऊन उभे. त्यावर मी तो नंबर मोठ्या अक्षरात लिहून त्याच्याभोवती गोल काढला होता.

"मॅडम, आज काउंटर बंद झालं ते ५११० वर," ते म्हणाले. "हे तर उद्या सकाळी येणार की. नऊ-सव्वानऊलाच."

मी दिवसभर तो नंबर 'नसलेला' म्हणून बघत होते. तो 'यायचा' आहे हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"आपण तो नंबरच सोडून देऊ," बसवराज म्हणाले. "५१७६ नंतर थेट ५१७८. स्टिकर फाडून टाकतो. कुणाला काय कळतंय? लॉजवाले तेरा नंबरची खोली ठेवत न्हाईत, तसंच."

"नाही."

"पण मॅडम, कुणाच्या तरी रक्ताला तो नंबर लागणार..."

"लागू दे. एका आकड्याला घाबरून वाट बदलायची नाही. तुम्ही तो नंबर सोडलात तर मी हे काम आजच सोडते."

मी हे धैर्याने म्हटलं असं कुणी समजू नका. मला फक्त माझा दोष पकडायचा होता, आणि नंबर दिला गेल्यावर सर्व्हर काय करतो ते बघायचं होतं. एवढंच.

गुरुवारी नऊ वाजता मी काउंटरच्या आत जाऊन उभी राहिले. नऊ वाजून बारा मिनिटांनी ५१७७ चं स्टिकर निघालं.

समोर एक साठीच्या पुढची बाई होती. अंगाने सुकलेली, नेसलेली फिकट निळी साडी, हातात डॉक्टरांच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी. अंगावर काटा, थंड वारा, दिवा फडफडणं... काही नाही. पंखा चालू होता आणि मागचा माणूस घाई करत होता.

नाव नरसम्मा. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहते, विड्या वळते. माझी तेलुगू ऐकून तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, मोतीबिंदूचं. त्यांनी आधी रक्त तपासून आणायला सांगितलं होतं, आणि चार वाजेपर्यंत कागद तिकडे पोचवायचा होता.

"बाकी तब्येत बरी आहे ना अम्मा?"

"बरी आहे. पायात जोर नाही. उन्हामुळे असेल."

"रिपोर्ट मोबाइलवर दिसणार नाही आज. थांबता का? छापून देतो."

"मोबाइल माझा नाहीच. शेजारणीचा नंबर दिलाय. थांबते की. घरी जाऊन तरी कोण आहे?"

ती भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसली. मी वर गेले.

अकरा दहाला खिडक्या भरल्या. मी तयारीत होते, सगळ्या नोंदी चालू ठेवल्या होत्या. फरक एकच होता. आता ५१७७ हा खरा नंबर होता आणि सर्व्हर त्यासाठी थांबत होता ते नियमाप्रमाणेच होतं. नमुना आलाय, रिपोर्ट यायचाय. मग मला वाटलं, हा रिपोर्ट एकदाचा निघाला तर दीडशेच्या दीडशे मागण्यांना उत्तर मिळेल. तेव्हा हे काय करतात ते बघू.

पावणेबारा झाले. बारा झाले. सकाळी नऊला आलेल्या बाकी सगळ्यांचे रिपोर्ट निघाले होते, हा सोडून. मी तशीच उठून मशिनांकडे गेले. तिथे रेहाना होती, लॅबमधली सगळ्यांत अनुभवी टेक्निशियन. मला बाजी, म्हणजे ताई, म्हणते.

"रेहाना, ५१७७ कुठे अडकलाय?"

तिने यादीत बघितलं. "वो बाजू में रखी मैं. पोटॅशियम बहोत जास्त आया. इतना आता नहीं, नमुना खराब हुआ होगा. दोपहर को दुबारा लगाती."

"आत्ता लाव."

"बाजी, लाइन में साठ नमुने हैं."

"माहीत आहे. तरी आत्ता लाव. मला तो नंबर बंद करून हवाय."

तिला वाटलं मी चिडलेय, आणि मी चिडलेलेच होते. तिने नमुना लावला. आम्ही दोघी पडद्याकडे बघत उभ्या. आकडा आला. पहिल्यापेक्षाही थोडा जास्त होता. तिने नळी उजेडात धरून पाहिली. नमुना स्वच्छ होता.

"ये पेशंट किधर है?" तिने विचारलं. आवाज बदललेला.

"खाली. बाकावर."

रेहाना जिना धावत उतरली. एरवी ती चालताना चपलेचा आवाजसुद्धा होत नाही. मला तेव्हा कळत नव्हतं, नंतर डॉक्टरांनी समजावलं... पोटॅशियम इतकं वाढलं की हृदय कुठल्याही क्षणी थांबू शकतं. माणूस बोलत असतो, बसलेला असतो, आणि संपतो.

नरसम्मा बाकावरच होती. डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे मिटलेले. शेजारच्यांना वाटलं डुलकी लागली. रेहानाने हाक मारली, तर डोळे उघडले पण उठता येईना. डॉक्टर केबिनमधून आले, नाडी धरली आणि त्यांनी बसवराजांना फक्त एक शब्द सांगितला, "गाडी." मग उभ्या उभ्याच ५१७७ चा कागद मागून त्यावर सही केली आणि हॉस्पिटलला फोन लावला. बसवराज आणि मी तिला उचललं. वजन असं काही नव्हतंच. पाच मिनिटांच्या अंतरावर हॉस्पिटल. तिथे थेट आत घेतलं.

पाठदुखीसाठी ती कित्येक वर्षं रोज औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून खात होती. मूत्रपिंडं गेली होती आणि कुणाला पत्ता नव्हता. डायलिसिस करावं लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत ही घरी एकटी असती तर आम्हाला काही करता आलं नसतं.

म्हणजे बघा. सर्व्हर नीट चालला असता तर ती रक्त देऊन, कागद न्यायला दुपारी येते म्हणून घरकुलात निघून गेली असती. रेहानाने नमुना दुपारी लावला असता. फोन गेला असता शेजारणीला, जी दिवसभर कामाला बाहेर असते. आणि बसवराजांच्या सांगण्यावरून मी नंबर सोडला असता तर नरसम्माला ५१७८ मिळाला असता, आणि त्या नंबरसाठी मी कशाला कुणाच्या मागे लागले असते?

लॅबवर परत येऊन मी नोंदी उघडल्या. बारा वाजून पंचवीस मिनिटांनी, ज्या मिनिटाला डॉक्टरांनी सही केली आणि खाली काउंटरवरून रिपोर्ट मंजूर झाला, त्या मिनिटाला दीडशे खिडक्या एकदम रिकाम्या झालेल्या. प्रत्येकीपुढे नोंद, "रिपोर्ट दिला." कुणाला दिला? पत्त्याच्या जागी सर्व्हरचा स्वतःचा पत्ता. सोमवार, मंगळवार, बुधवारही वेळ तीच होती, बारा पंचवीस. त्या तीन दिवशी फक्त "दिला" हा शब्द नव्हता.

त्यानंतर आजपर्यंत एकदाही तसं झालेलं नाही. मी सर्व्हरमध्ये काहीही बदललं नाही. मुद्दामच नाही बदललं.

दुसऱ्या दिवशी बसवराजांनी सर्व्हरच्या कपाटाला झेंडूचा हार घातला होता. मी काढला. पाकळ्या एसीच्या जाळीत जातात. ते म्हणाले, "मॅडम, निदान हात तरी जोडा." मी नाही जोडले. माझा प्रश्न साधा आहे. कुणी अदृश्य शक्ती असलीच आणि तिला त्या बाईला वाचवायचं असेल, तर सरळ तिलाच चार दिवस आधी डॉक्टरकडे का नाही पाठवलं? तीन दिवस बाकी शेकडो लोकांचे रिपोर्ट कशाला अडवले? त्यांत कुणी घाबरलेलं, कुणी खरोखर आजारी नसेल का? असल्या शक्तीला मी हात जोडणार नाही. त्या दिवशी नरसम्मा वाचली ती रेहानाने जिना धावत उतरल्यामुळे. हे मी डॉक्टरांच्या समोर म्हटलं, आणि इथेही म्हणते.

पण तीन दिवस आधी तो नंबर कुठून आला, हे मला सांगता येत नाही. योगायोग म्हणून बघितलं. लाखभर आकड्यांतून नेमका तोच? पुण्याच्या मित्राने नोंदींची प्रत महिनाभर ठेवून घेतली. शेवटी म्हणाला, "तू माझी गंमत करतेयस." मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही.

दोनेक महिन्यांनी मी विडी घरकुलात नरसम्माला भेटायला गेले. डोळ्याचं ऑपरेशनही तोवर झालं होतं. एका खोलीचं घर, स्वच्छ. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा भिवंडीला लूमवर, त्याचा फोन येत नाही. मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. मला चहा दिला, स्वतः घेतला नाही. आता पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. सर्व्हर, खिडक्या, नंबर, तेलुगूत जसं जमेल तसं. तिला ते कितपत कळेल अशी मला शंका होती. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. बोटं चालूच होती. माझं संपल्यावर दोरा तोडला आणि वर बघितलं.

"म्हणजे मी यायच्या आधीपासून कुणीतरी माझं विचारत होतं?"

"हो."

"तीन दिवस?"

"हो अम्मा."

"एवरू?" तिने विचारलं. कोण?

मी तोंड उघडलं. प्रोग्राम, नोंद, पत्ता, चुकून राहिलेली एखादी ओळ... हे सगळे शब्द तयार होते. पण तिचे नुकतेच बरे झालेले डोळे माझ्यावर होते आणि ती खरोखर उत्तराची वाट बघत होती. सोळा वर्षांत समोरच्याच्या तोंडावर मी जे कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं.

"माहीत नाही."

तिने मान हलवली, आणि पुढचं पान उचललं.